तेहेतीस बाय तेहेतीस

सांगलीच्या विश्रामबागेत दोन माणसं मोकळ्या जागेत खाली मान घालून चालताना दिसली, तर त्यांचं काही हरवलेलं नसतं. ती मोजत असतात. पुढचा टाचेला बोट लावत पाऊल टाकतो, मागचा ओठ हलवत आकडे धरतो. तेहेतीस इकडे, तेहेतीस तिकडे, झाला गुंठा. मग दोघं शंभर फुटी रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर येतात आणि पाच मिनिटांत त्या गुंठ्यावर तळमजला, वरचा मजला, पार्किंग आणि भाड्याच्या दोन खोल्या उभ्या राहतात. परवानगीचा विषय दुसरा कप येईपर्यंत निघत नाही. निघाला तरी 'ते बघू की' इथवरच जातो.

आमच्याकडे सतराचा पाढा न येणारा माणूसही तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे १०८९ हे झोपेत सांगतो. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची होती, तिचे सोळा आणे पाडलेले होते, आणि त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. असे चाळीस झाले की एकर. पुढे साखळी गेली, आणे गेले, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. पण 'मला दोन आर जागा पाहिजे' असं म्हणणाऱ्याला विश्रामबागचा एजंट जागा दाखवणार नाही. हा माणूस एकतर परगावचा असणार, नाहीतर इन्कम टॅक्सचा.

लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलाची माहिती अशी सांगतात: इंजिनियर आहे, पुण्यात असतो, आणि विश्रामबागला दोन गुंठे आहेत. मुलीचे वडील पहिल्या दोन गोष्टींवर नुसती मान हलवतात. तिसरीवर सावरून बसतात आणि विचारतात, "एन.ए. आहे का?" म्हणजे जमीन बिगरशेती झालीय का. नोकरी टेंपररी असली तरी चालते, प्लॉटचं तसं नाही.

तुकडे पाडायची ही हौस आम्हाला बिल्डर आल्यावर लागली असं नवे लोक समजतात. तसं नाही. सांगली हाच मुळात मिरजेचा पोटहिस्सा आहे. चिंतामणराव पटवर्धनांचं काका गंगाधररावांशी पटेना, म्हणून १८०१ साली त्यांनी मिरजेच्या जहागिरीतला आपला वाटा वेगळा काढला आणि कृष्णाकाठी सांगलीला राजधानी केली. काका-पुतण्याचं न पटणं महाराष्ट्राला तेव्हाही नवीन नव्हतं आणि पुढेही ते कधी जुनं झालं नाही. सांगली गेल्यावर जी मिरज उरली तिचे १८२० मध्ये आणखी तुकडे पडले, थोरली पाती आणि धाकटी पाती. धाकट्या पातीची राजधानी पुढे बुधगावला होती. विश्रामबागेतून निघून मिरज, सांगली आणि बुधगाव या तिन्ही राजधान्या स्कूटर रिझर्व्हवर असतानासुद्धा बघून परत येता येतं. या तीन संस्थानांपैकी एकाचाही लेआउट मंजूर झाल्याची नोंद इतिहासात नाही. दहा टक्के खुली जागा कुणी सोडली नाही, सामासिक अंतर कुणी राखलं नाही.

मग ९ फेब्रुवारी १९९८ ला सरकारने सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महानगरपालिका केली. तुकडे पाडायला भाऊबंदकी पुरली होती, एकत्र यायला राजपत्र लागलं. आणि एकत्र आल्यावर नाव काय ठेवलं? सांगली मिरज कुपवाड शहर महानगरपालिका. सामाईक सातबाऱ्यावर तिन्ही खातेदारांची नावं ओळीने यावीत, कुणाचा हक्क बुडू नये, इतकी काळजी नावातच घेतलेली आहे. अशा गावात भूखंड पाडायचे नियम पाळले जावेत अशी अपेक्षा करणाऱ्याच्या धीराला मी मानतो.

जमिनीचे तुकडे पडू नयेत असं सरकारला पहिल्यांदा मनापासून वाटलं ते १९४७ साली. बापाचं शेत चार भावांत, भावांचं सोळा पोरांत, अशाने औत फिरायलाही जागा उरेना. म्हणून मुंबई सरकारने त्या साली तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा केला. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करायचा नाही, विकायचा नाही. हेतू चांगलाच होता, यात विनोद काही नाही. योगायोग असा, की त्याच १९४७ साली विश्रामबागेत इंजिनियरिंग कॉलेज सुरू झालं, आजचं वालचंद. सरकारने तुकडे पाडायला बंदी केली आणि त्याच वर्षी आमच्या दारात मोजणी शिकवायची सोय झाली. विलिंग्डन कॉलेज तर १९१९ पासून होतंच. दोन कॉलेजं, म्हणजे प्राध्यापक आले. प्राध्यापक आले, म्हणजे त्यांना घरं लागली. मिरज आणि सांगली यांच्या मधोमध असलेल्या या शेतांकडे दोन्ही गावांनी बघायला सुरुवात केली आणि शेताने धसका घेतला.

गुंठेवारी कशी जन्माला येते हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी एकदा पाहावं. एखाद्याची दोन एकर काळी असते. पाणी तुंबून ऊस धड येत नाही, मुलगा मळ्याकडे फिरकत नाही, मुलीचं लग्न तोंडावर. एके सकाळी त्या काळ्या रानात पांढरी फक्की पडते. आडव्या-उभ्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यावर चुना फासलेले दगड, आणि मधून जरा रुंद दोन रेघा गेल्या की तो रस्ता. सोबत एक कागद तयार होतो. त्यावर चौकोन, चौकोनात एक ते सत्तर आकडे, एका कोपऱ्यात 'नियोजित बगीचा' आणि वरच्या बाजूला उत्तर दिशेचा बाण. हा बाण तेवढा नियमाप्रमाणे असतो. बगीचा पुढच्या दिवाळीत एकाहत्तर नंबरचा प्लॉट म्हणून जातो.

"साहेब, वीस फुटी रस्ता हाय. पोल उद्या पडतोय. आणि पाणी म्हणाल तर, धा फुटावर पाणी हाय!"

"एन.ए.?"

"फाईल आत हाय की."

"आत म्हणजे कुठं?"

"आतच."

या 'आत'ला पत्ता नसतो. फाईल कधी आत असते, कधी वर गेलेली असते, कधी टेबलावर असते, आणि फारच पुढे सरकली तर सहीला असते. या चारही ठिकाणांपर्यंत पोचणारी वाट नकाशावर दाखवलेली नाही, पण एजंटला ती अंधारात सापडते.

खरेदी घेणाऱ्याच्या हातात पडतो एक स्टँपपेपर, एक नोटरीचा शिक्का आणि सामाईक क्षेत्रातला अविभाज्य हिस्सा. म्हणजे तुम्ही चौदा नंबरचा प्लॉट घेतलात असं तुम्हाला वाटतं. कागद म्हणतो, या सगळ्या रानाचा सत्तरावा भाग तुमचा. त्यात तुमच्या हॉलचा सत्तरावा भाग आला, आणि शेजारच्या पाटलांच्या न्हाणीघराचाही. सातबाऱ्यावर नावं चढत जातात, लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'सारखी, कोण कुणाचा कोण हे फक्त छापणाऱ्याला ठाऊक. आणि पलीकडे इतर हक्कांच्या रकान्यात एकच छोटा शब्द बसलेला असतो, 'तुकडा'. बँकेचा माणूस सगळं उलटंपालटं करून वाचतो, त्या शब्दापाशी येतो, चष्मा काढतो आणि कर्जाची फाईल हळूच तुमच्याकडे सरकवतो.

आता त्या वीस फुटी रस्त्याचं चरित्र. फक्कीत तो वीस फूट असतो. पहिलं कंपाउंड बांधलं जातं ते फक्कीच्या रेघेवर नाही, रेघेच्या पलीकडच्या काठावर. तिथे सहा इंच गेले. समोरचा म्हणतो, त्यानं घेतले, मग मी काय घोडं मारलंय. सहा इंच तिथेही. मग गेट बाहेर उघडतं. गेटला पायऱ्या येतात. पायरीशेजारी चपला ठेवायला ओटा. जिना आतून काढला तर हॉल लहान होतो, म्हणून तो बाहेरून. जिन्याखाली मोटर, मोटरीवर पत्रा, पत्र्यावर कारल्याचा वेल. कुणीही नियम मोडलेला नसतो, प्रत्येकाने दीड-दीड फूट सवलत घेतलेली असते, ती स्वतःच स्वतःला मंजूर करून. शेवटी रस्ता इतका उरतो की घंटागाडी तोंडाशी उभी राहते आणि माणसं बादल्या घेऊन तिच्याकडे चालत जातात. याच रस्त्याच्या तोंडाला 'वाहने हळू चालवा' अशी पाटी असते. कोणती वाहनं, कोण जाणे.

याउलट शिस्तीतला लेआउट. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. अंतर्गत रस्ता नऊ मीटर, लांबी वाढली की रुंदी वाढवा. जागा एक एकरच्या आसपास किंवा जास्त असेल तर दहा टक्के खुली सोडा. मोजणी आणा, मोजणीची क प्रत आणा, झोन दाखला आणा. मंजुरी मिळाली की भूमी अभिलेखचं कमी-जास्त पत्रक करा. हे कमी-जास्त पत्रक मला सरकारी कागदांतलं सर्वांत प्रामाणिक नाव वाटतं. एवढ्या सगळ्या खटाटोपात कुणाचं कमी झालं आणि कुणाचं जास्त झालं, एवढंच तर विचारायचं असतं.

खुल्या जागेबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. नियमाला वाटतं इथे मुलं खेळतील. पहिली दोन वर्षं तिथे काँग्रेस गवत खेळतं. मग गणपतीत मांडव पडतो. मांडवाचे खांब काढले तरी चौथरा राहतो. चौथऱ्यावर पत्रा येतो, पत्र्याखाली देव येतो, आणि देव आल्यावर कुठलाही अभियंता टेप घेऊन येत नाही. पाठोपाठ ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, निधीचा फलक, त्या फलकाहून मोठा निधी देणाऱ्याचा फोटो. दहा टक्क्यांतले सात गेले. उरलेल्या तिनात मुलं क्रिकेट खेळतात आणि कट्ट्यावरचे ज्येष्ठ त्यांना हाकलतात.

पण माझा जीव जडलाय तो या नियमावलीतल्या एका तरतुदीवर. तिचा मथितार्थ असा: एखाद्या प्रकरणात नियम तंतोतंत पाळायला गेलं की स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी अडचण होत असेल, तर अधिकारी लेखी परवानगीने मापांत सवलत देऊ शकतात. मात्र त्यामुळे राहणाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला, आगीपासूनच्या बचावाला आणि इमारतीच्या मजबुतीला धक्का लागता कामा नये.

अडचण, तीही दाखवून देता येईल अशी! हे लिहिणाऱ्याने विश्रामबागचा माणूस पाहिलेला नाही. अडचण दाखवण्यात आमचा हात कोण धरणार? घरात ठणठणीत असलेले वडील अर्ज द्यायच्या दिवशी काठी टेकत येतात. "यांना जिना चढवत नाही, म्हणून खालची खोली तीन फूट पुढं पाहिजे." अधिकारी विचारतो, मग वरच्या मजल्याची मागणी कशाला? "वर भाडेकरू हाय की." दुसऱ्याची अडचण वास्तुशास्त्राची असते. ईशान्येला जिना चालत नाही असं त्याला सांगितलेलं असतं, म्हणून तो जिना सरकवत सरकवत शेजाऱ्याच्या ईशान्येला नेऊन ठेवतो. तिसरा म्हणतो, मागच्या बाजूला अंतर सोडलं तर तिथे शेजारी कचरा टाकतात. अंतर न सोडणं ही त्याची आरोग्याची उपाययोजना. आणि अग्निशमनाचा बंब वळायला जागा हवी म्हटलं की सगळी गल्ली एकमुखाने सांगते, आमच्यात आग लागतच नाही.

अडचण दाखवण्यात पटाईत असलेला हाच माणूस शेजाऱ्याच्या अर्जावर मात्र नियमावलीचा भाष्यकार होतो. स्वतःचा जिना बाहेर काढून दम खाताखाता तो समोरच्याच्या सज्जाबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज करतो. त्या अर्जाची भाषा इतकी शुद्ध असते की एरवी घरात 'न्हाई' म्हणणारा माणूस 'सदरहू', 'उपरोक्त', 'सबब' असे शब्द कुठून आणतो याचं नवल वाटावं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडून तिकडची रीत ऐकली. तिथेही नियम आहेत आणि सवलती आहेत. तिथल्या कायद्यातही अडचणीपोटी सवलत हा प्रकार आहे. पण परसातली लाकडी खोपटी ठरलेल्या अंतरापेक्षा कुंपणाच्या जरा जवळ घ्यायची असली, तरी गावच्या मंडळापुढे अर्ज करायचा. दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला नोटीस पाठवायची. मग जाहीर सुनावणी. शेजारी येऊन शपथेवर सांगतात, आमची हरकत आहे किंवा नाही. आमच्याकडे अशी पद्धत आणायची तर दोनशे फुटांत सगळा वॉर्डच येतो, आणि हरकत नाही असं सांगायला शपथेवर कोण येईल? शिवाय आपल्याकडे नोटिशीची गरज काय? खडीचा पहिला डंपर आला की शेजारी न बोलावता हजर असतात. सुनावणीही तिथेच होते, ती जाहीर असते, आणि तिचा आवाज दोनशे फुटांच्या पलीकडे जातो.

आता सवलतींची सवलत. वैयक्तिक अडचण एकेकाने दाखवत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून दाखवली तर? गुंठेवारीतली घरं राज्यभर इतकी झाली की ती पाडणं शक्य नाही आणि नाही म्हणणंही शक्य नाही, अशी खुद्द सरकारचीच अडचण झाली, तीही स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी. म्हणून २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा आला. १ जानेवारी २००१ रोजी जे अस्तित्वात आहे, ते प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून नियमित करून घ्या. गोरगरिबांसाठी तो मोठा आधार होता, हे मान्यच करायला हवं. पाइपलाइन, दिवे, घरपट्टीवर स्वतःचं नाव या गोष्टी ज्याच्याकडे आधीपासून आहेत त्याने त्यांना हसू नये.

गंमत तारखेची आहे. तारीख ठरली, की त्या तारखेला घर होतं हे सिद्ध करणं आलं. आमच्या भागात त्या काळात जुन्या कागदांना जो मान आला तो भांडारकर संस्थेतल्या पोथ्यांनाही मिळाला नसेल. विजेचं बिल, घरपट्टीची पावती, रॉकेलचं कार्ड, सगळं बाहेर निघालं. एका गृहस्थांनी मुलीच्या बारशाचा फोटो जोडला, कारण मागे भिंत दिसत होती. विचारणाऱ्याने विचारलं, भिंत तुमचीच कशावरून? ते म्हणाले, मुलगी माझी आहे की.

आणि ज्यांची भिंत त्या तारखेनंतर उभी राहिली, त्यांनी काय केलं? काही नाही. ते वाट बघत बसले. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. घर तारखेपर्यंत पोचू शकलं नाही, तर तारीख वीस वर्षं चालत घरापर्यंत आली. वाट बघणाऱ्याचं एवढं भलं मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलेलं नाही.

तुकडेबंदीच्या आघाडीवर तर याहून धावपळ झाली. १२ जुलै २०२१ ला नोंदणी खात्याचं परिपत्रक निघालं की मंजुरी नसलेल्या तुकड्यांचे दस्त नोंदवू नका. तेवढ्यात एजंट मंडळींचे चेहरे उतरले. ५ मे २०२२ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं, चेहरे पुन्हा चढले. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरलं, जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. विश्रामबागेत सलग दहा गुंठे आता फक्त कॉलेजच्या मैदानात बघायला मिळतात, तेही दुरून. २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांच्यासाठी तुकडा चालेल असं ठरलं. झालेल्या तुकड्यांना नियमित करायचं शुल्क आधी बाजारभावाच्या २५ टक्के होतं. मग ते ५ टक्क्यांवर आलं. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली, लाभ होणारी कुटुंबं पन्नास लाखांच्या घरात असल्याचं सांगण्यात आलं, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकडे विनाशुल्क नियमित करायचं ठरलं. पंचवीस, पाच, शून्य. दसऱ्याच्या सेलमध्येही भाव इतके उतरत नाहीत. पुढच्या खेपेला सरकार आपल्याला वर काही देईल, अशी आशा आमच्या चहाच्या गाड्यावर उघडपणे बोलली जाते.

एकाच गोष्टीला यातली कुठलीही सवलत लागू होत नाही, ती म्हणजे पाणी. सांगलीचं शामरावनगर ज्याने जुलैत पाहिलंय त्याला हे सांगायला नको. सखल काळी जमीन, वर गुंठ्यागुंठ्याची घरं, निचऱ्याला वाट नाही; कृष्णेला पूर नसतानाही नुसत्या पावसाने तिथे तळं होतं. चार चाकं बाहेर, दोन चाकं बाहेर, चप्पल हातात. 'धा फुटावर पाणी हाय' हे एजंटचं वाक्य त्या चार महिन्यांत चुकतं, पाणी शून्य फुटावर असतं. शहरातले नाले कागदावर नाले आहेत, जागेवर सर्व्हे नंबर आहेत. प्रशमन शुल्क भरून घर नियमाधीन होतं, उतार होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा मंजूर लेआउट कोणता आणि गुंठेवारी कोणती हे पाण्याने विचारलं नाही. पण पाणी ओसरल्यावर बाहेर पडायचा रस्ता कुणाच्या दारात नऊ मीटरचा होता आणि कुणाच्या दारात कारल्याच्या वेलाखालून जात होता, हा फरक सगळ्यांना दिसला. रुंद रस्त्याचा नियम करणारा माणूस मूर्ख नव्हता, हे कबूल करायला आम्हाला सत्तावन्न फूट पाणी लागलं. आणि चिखल वाळल्यावर परत जिना बाहेर.

या सगळ्यात माझी सहानुभूती मात्र भलत्याच माणसाकडे आहे. आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी मंजूर लेआउटमधला प्लॉट घेतला. एन.ए. झालेला, रस्ता रुंद, खुली जागा सोडलेली, म्हणून शेजारच्या रानातल्या गुंठ्यापेक्षा भाव बराच जास्त. पगारातून हप्ते फेडले. बांधताना चारी बाजूंनी अंतर सोडलं. बायको म्हणत होती, एक खोली वाढवू. हे म्हणाले, नियमात बसत नाही. पुढे पलीकडच्या रानात फक्की पडली, घरं झाली, तारखा आल्या, ती घरं नियमित झाली. भाव सारखे झाले. आता तिकडची मंडळी यांच्या रुंद रस्त्यावर गाड्या लावतात, कारण त्यांच्या रस्त्यावर गाडी जात नाही.

प्राध्यापकांनी एका कार्यालयात जाऊन चौकशी केली. ज्यांनी नियम मोडला त्यांच्यासाठी योजना आहे, अर्ज आहे, शिबिर आहे, मुदतवाढ आहे. ज्याने पाळला त्याच्यासाठी काय आहे? खिडकीतला मुलगा सज्जन होता. त्याने रजिस्टर चाळलं, संगणकात बघितलं, आतल्या साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "सर, तुमचं काहीच पेंडिंग दिसत नाही." एवढंच. सरांनी ते वाक्य लेखी मागितलं. त्यासाठी अर्जाचा नमुना उपलब्ध नव्हता.

पुण्यात विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, आणि त्यात काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचंच कार्यालय होतं. नियम करणारे स्वतः वाड्यात बसले की त्यांना सामासिक अंतराची आठवण राहते का, हे मला कुणा पुणेकराला विचारायचं आहे. आमच्या विश्रामबागेत वाडे उरलेले नाहीत. होते त्यांचे फ्लॅट झाले, फ्लॅटखाली पार्किंग दाखवलं गेलं आणि पार्किंगमध्ये कोचिंग क्लास निघाले. क्लासमध्ये दहावीची मुलं क्षेत्रफळ शिकतात. ३३ मीटरचा चौरस काढा असं सर सांगतात तेव्हा मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, मीटर नाही, फूट."

ज्या वाचकांनी १५ ऑक्टोबर २०२४ नंतर गुंठा-दीड गुंठा घेतला असेल आणि आपण सगळ्या तारखांच्या बाहेर पडलो म्हणून जे झुरत असतील, त्यांना माझी विनंती आहे की धीर सोडू नका. स्टँपपेपर, विजेचं पहिलं बिल, घरपट्टीची पावती आणि वास्तुशांतीचा भिंत दिसणारा फोटो एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नीट बांधा आणि माळ्यावर ठेवा. खालच्या कपाटात ठेवू नका, तिथे पाणी येतं.